वाऱ्याकडे पाठ करून

ऑक्टोबर २०२४ मध्ये मिल्टन हरिकेन फ्लोरिडाच्या दिशेने निघालं, तेव्हा टँपातल्या आम्हा मराठी मंडळींच्या गटावरचे भोंडल्याचे निरोप थांबले आणि एकच चित्र फिरू लागलं: अंदाजाचा तो पांढरा शंकू. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर तो दर सहा तासांनी नव्याने काढतं. गेल्या पाच वर्षांत अंदाज किती चुकले, यावरून त्याची रुंदी ठरते. वादळाचं केंद्र साधारण तीनपैकी दोन वेळा त्याच्या आत राहतं, एवढंच तो सांगतो. वादळ किती पसरलंय, पाणी कुठे चढेल, यातलं काहीच नाही. तरी जो तो मधल्या रेषेपासून आपल्या घराचं अंतर मोजत होता. मला या शंकूचं फारसं कौतुक नाही. मी आकड्यांची पानं उघडून बसतो.

सोमवारी, ७ तारखेला, सगळं लक्ष विमानांकडे होतं. ही विमानं थेट वादळाच्या डोळ्यात शिरतात आणि छोट्या पॅराशूटला बांधलेली नळकांडी खाली सोडतात. समुद्रात पडेपर्यंत ती दाब, तापमान, दमटपणा आणि वारा कळवत राहतात. एरवी समुद्रसपाटीवर १,०१३ मिलिबार असणारा दाब संध्याकाळपर्यंत ९०० च्या खाली गेला. वारे ताशी २९० किलोमीटर. आखातातलं पाणी तिशीच्या वर तापलेलं होतं, आणि वादळाला साडेसव्वीस अंशही पुरतात. मंगळवारी विमानाच्या सांकेतिक संदेशात आकड्यांच्या शेवटी पीटर डॉज हे नाव आलं. आयुष्यभर वादळांत उडालेले ते रडार-शास्त्रज्ञ २०२३ मध्ये वारले होते. सहकाऱ्यांनी त्यांची रक्षा मिल्टनच्या डोळ्यात सोडली आणि ती त्यांची ३८७ वी फेरी म्हणून नोंदवली. त्या रुक्ष ओळीपाशी मी बराच वेळ थांबलो.

समुद्रातल्या बोयांच्या नोंदी त्याहून कोरड्या: वाऱ्याची दिशा, वेग, झोत, लाटेची उंची, दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत, दाब, पाण्याचं तापमान. उपकरण बंद पडलं की त्या रकान्यात ‘एमएम’ येतं. बाकीचे आकडे येत असले तरी ती दोन अक्षरं दिसली की मला धास्ती वाटते.

टँपाची खाडी उथळ, आणि तिचं तोंड नैर्ऋत्येला. केंद्र तोंडाच्या उत्तरेकडून आत आलं तर समुद्राचं पाणी खाडीत कोंबलं जाणार. दहा ते पंधरा फुटांचा इशारा त्यासाठीच होता. दक्षिणेकडून गेलं तर जमिनीवरचा वारा तेच पाणी बाहेर काढणार. दोनच आठवड्यांपूर्वी हेलीन हरिकेन दूर समुद्रातून नुसतं निघून गेलं, तरी सेंट पीटर्सबर्गला सहा फुटांच्या वर पाणी चढलं होतं. भिजलेल्या गाद्या अजून रस्त्याकडेला पडून होत्या.

तिथून मुक्कामाला आलेल्या मित्राचे वडील मूळचे श्रीवर्धनचे. त्यांनी आधी तिथी विचारली. सप्तमी म्हटल्यावर म्हणाले, “म्हणजे भांगाची भरती. उधाण नाही, तेवढं बरं.”

“काका, इथली भरती एरवीही दोन-तीन फुटांचीच. त्याने फार फरक पडायचा नाही.”

“मग वारा बघ. कुठून येतोय?”

उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की डाव्या हाताला कमी दाबाचं केंद्र असतं. जमिनीवर जरा पुढे. वारा आग्नेयेकडून दक्षिणेला वळला असता, तर केंद्र आमच्या उत्तरेकडून चाललं असतं. बुधवारी तो ईशान्येला धरून होता आणि हळूहळू उत्तरेकडे सरकत होता. विमानतळाच्या नोंदीही तेच म्हणत होत्या. मग भरतीमापकाचं पान उघडलं. दर सहा मिनिटांनी त्यावर एक ठिपका पडतो. निळी रेषा पंचांगाप्रमाणे अपेक्षित पाण्याची. प्रत्यक्ष पाण्याची रेषा तिला सोडून खाली उतरत होती. आधी फूटभर, मग दोन. रात्री साडेआठच्या सुमारास केंद्र सिएस्टा की इथे किनाऱ्याला लागलं. खाडीच्या तोंडापासून जेमतेम चाळीस किलोमीटर दक्षिणेला. टँपाचं पाणी नेहमीपेक्षा चार-पाच फूट खाली गेलं, आणि त्याच रात्री फोर्ट मायर्सला ते पाचेक फूट वर चढलं.

पूर्व किनाऱ्यावर, केंद्रापासून लांब, सेंट लूसी काउंटीत दुपारीच टोर्नेडोने सहा माणसं गेली होती. शंकूतल्या रेषेपासून अंतर मोजणाऱ्यांना त्याचा सुगावा लागणं शक्य नव्हतं.

सेंट पीटर्सबर्गवर अठरा इंचांहून जास्त पाऊस कोसळला. गुरुवारी सकाळी खाडीचं पाणी जागेवर येऊ लागलं होतं, पण मित्राचं लक्ष तिकडे नव्हतं. त्याची बहीण अलाफिया नदीच्या काठी राहते. भरतीमापकाचं पान बंद करून आम्ही नदीच्या पातळीचं पान उघडलं. तिथली रेषा वर चालली होती, आणि पुढचे काही दिवस ती तशीच चढत राहणार होती.