दारू 'चांगली' असली तरी कर्करोग टळत नाही

"डॉक्टर, मी हातभट्टीची घेत नाही. सीलबंद बाटलीतली, चांगली घेतो. तीही बेताचीच." दारूबद्दल विचारले की पुष्कळ पेशंट हेच उत्तर देतात. यामागे दोन समज असतात. दारूने बिघडते ते फक्त लिव्हर, आणि महागडी दारू बाधत नाही. हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

विषारी दारूने माणसे दगावतात, हे खरे. २०१५ साली मुंबईतील मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. ती मिथेनॉलची विषबाधा होती. कर्करोगाचा संबंध मात्र भेसळीशी नसून खुद्द मद्यार्काशी, म्हणजे अल्कोहोलशी आहे. आणि तो देशी, विदेशी, बिअर, वाइन, ताडी या सर्वांत असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याची नोंद 'माणसाला निश्चितपणे कर्करोग करणारे' अशी केली. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे व गुदाशय, आणि स्त्रियांमध्ये स्तन या ठिकाणच्या कर्करोगांचा धोका दारूने वाढतो.

हे घडते कसे? पोटात गेलेल्या मद्यार्काचे शरीरात ॲसिटाल्डिहाइड नावाचे द्रव्य बनते. काही प्रमाणात ते तोंडातील जंतूही तयार करतात. हे द्रव्य पेशींतील डीएनएला इजा करते. रोजच्या रोज इजा होत राहिली की दुरुस्ती अपुरी पडते आणि एखादी पेशी बेबंद वाढू लागते. शिवाय दारूमुळे स्त्रियांच्या शरीरातील इस्ट्रोजेन वाढते, त्याचा संबंध स्तनाच्या कर्करोगाशी आहे. लिव्हर सुकून सिरोसिस झाला, तर पुढे तेथेही कर्करोग होऊ शकतो.

आता 'बेताची' म्हणजे किती, ते पाहू. व्हिस्की किंवा रममध्ये साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो. ३० मिलिलिटरच्या एका पेगमधून सुमारे १० ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमधून ६० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलिलिटरची एक बाटली म्हणजे सुमारे ४० ग्रॅम, अर्थात चार पेग! "मी फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. जितकी दारू जास्त, तितका धोका जास्त. कर्करोगाच्या दृष्टीने अमुक इतकी दारू सुरक्षित, अशी मर्यादा सांगता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

आपल्याकडे सर्वांत घातक जोडी म्हणजे दारू आणि तंबाखू. गुटखा, मावा, विडी, सिगारेट यांतील विषारी द्रव्ये दारूमुळे तोंडाच्या व घशाच्या आतील त्वचेत सहज शिरतात. म्हणून दोन्ही व्यसने एकत्र असली, तर धोक्याची नुसती बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

याचा अर्थ प्रत्येक पिणाऱ्याला कर्करोग होईलच, असा नाही. आणि न पिणाऱ्यालाही तो होऊ शकतो. पण हा धोका कमी करणे आपल्या हातात आहे. दारू सोडल्याने किंवा कमी केल्याने तोंडाच्या व अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका घटतो, असा पुरेसा पुरावा आता उपलब्ध आहे. धोका एका दिवसात उतरत नाही, त्याला वर्षे लागतात. म्हणूनच सुरुवात लवकर करावी.

एक सूचना महत्त्वाची. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केल्यास हातपाय थरथरणे, भ्रम होणे, फिट येणे असे प्रकार होऊ शकतात. त्यामुळे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. घरच्यांनीही शिव्याशाप न देता त्याला दवाखान्यात आणावे.

तोंडातील न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, घास अडकणे, शौचावाटे रक्त, स्तनातील गाठ यांपैकी काहीही आढळले तर थांबू नका. दुखत नाही म्हणून अंगावर काढू नका. सुरुवातीला कर्करोग बहुधा दुखत नाही. वेळीच तपासले, तर उपचाराला यश येण्याची शक्यता खूप वाढते.