ग्रंथप्रीती आणि ग्रंथाविषयीचे मत



ज्यास पुस्तकांची गोडी लागली, त्याच्या आनंदाचे दोन भाग असतात. पहिला पुस्तक वाचताना मिळतो. दुसरा, वाचलेल्या पुस्तकाविषयी कोणाशी तरी बोलताना. पहिल्याची महती शाळेत वारंवार सांगितली जाते. दुसऱ्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ग्रंथालयाचे पुस्तक परत करणाऱ्या विद्यार्थ्यास 'कसे वाटले?' असे विचारावे, तर बहुधा 'छान आहे' एवढेच उत्तर मिळते. आग्रहाने पुन्हा विचारल्यास तो प्रस्तावनेतील अथवा मार्गदर्शक पुस्तिकेतील एखादे वाक्य म्हणून दाखवितो. या दोन्ही उत्तरांत त्याचे स्वतःचे असे काहीच नसते. म्हणून ग्रंथाविषयीचे मत म्हणजे काय, आपल्याकडे पूर्वी ते कोणी व कसे दिले, आणि तुम्ही ते कसे द्यावे, याचा प्रस्तुत लेखात थोडक्यात विचार करावयाचा आहे.

कित्येकांस असे वाटते की, ग्रंथावर मत देणे हे पंडितांचे काम. आपण बीडसारख्या कोरडवाहू जिल्ह्यातील माणसे, आपणांस तो अधिकार कोठून? परंतु आपल्याच जिल्ह्याकडे पाहिले असता ही समजूत टिकत नाही. अंबाजोगाईचे नाव मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अगदी आरंभापासून येते. 'विवेकसिंधु'चे कर्ते मुकुंदराज यांची समाधी तेथे दाखविली जाते. त्याच गावी दासोपंतांचे (१५५१–१६१५) वास्तव्य होते. त्यांनी भगवद्गीतेवर 'गीतार्णव' नावाची टीका लिहिली, व तिची ओवीसंख्या सव्वा लाख सांगतात. त्यांची पासोडी तर प्रसिद्धच आहे. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हा विषय लिहून काढला.

आता टीका म्हणजे काय, याचा विचार करा. आज या शब्दाचा अर्थ दोष काढणे असा होऊन बसला आहे. पण मुळात टीका म्हणजे विवरण, अर्थ उलगडून सांगणे. एका वाचकाने ग्रंथ वाचला, त्यावर मनन केले, आणि आपणांस काय समजले ते इतरांसाठी मांडले, म्हणजे टीका झाली. या दृष्टीने पाहता दासोपंत हे थोर कवी होते, तसेच थोर वाचकही होते.

बरे, हा व्यवहार केवळ विद्वानांपुरता होता असेही नाही. श्रावणात गावोगावी पोथी लावण्याची चाल आहे. एकजण ओवी वाचतो व दुसरा तिचा अर्थ सांगतो. भोवती बसलेल्यांपैकी पुष्कळांस पूर्वी अक्षरओळख नसे; तरीही एखादा म्हातारा शेतकरी मध्येच शंका काढी, दुसरा तिचे उत्तर देई, व वाचन तेवढ्यापुरते थांबे. ग्रंथाविषयी बोलण्यास ग्रंथ समजून घेण्याची इच्छा पुरते, हे त्या श्रोत्यांवरून दिसते.

पवित्र शास्त्राचे वाचन करणाऱ्यांसही हे नवे नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात एक कूशी अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत असल्याचे वर्णन आहे. फिलिप्पाने त्यास वाचलेले समजते काय, असे विचारले. तेव्हा त्या अधिकाऱ्याने फिलिप्पास आपल्या शेजारी बसवून घेतले. पुढे सतराव्या अध्यायात बिरुया येथील लोकांची हकिगत आहे. पौलाचे बोलणे त्यांनी उत्सुकतेने ऐकले, पण ते खरे आहे की नाही हे पाहण्यासाठी ते प्रतिदिवशी शास्त्र तपासून पाहत. आणि याबद्दल शास्त्राने त्यांस थोर मनाचे म्हटले आहे. सारांश, श्रद्धेने वाचणे आणि पारखून वाचणे यांत विरोध नाही.

छपाईची कला आल्यावर मत देण्याचे क्षेत्र एकदम विस्तारले. आपल्या शेजारच्या अहमदनगर येथे १८४२ साली अमेरिकन मिशनने 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले. १८६७ साली 'विविधज्ञानविस्तार' मासिक निघाले, व त्यातून नव्या पुस्तकांची परीक्षणे येऊ लागली. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाला' आरंभिली. आता गावातील पारावर होणारी चर्चा दूरदूरच्या वाचकांपर्यंत पोहोचू लागली. मात्र मत जितके दूर जाते, तितकी ते देणाऱ्याची जबाबदारी वाढते. त्याच काळातील दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होईल.

चिपळूणकर हे मोठे व्यासंगी लेखक. कालिदास, भवभूती इत्यादी संस्कृत कवींवरील त्यांच्या निबंधांनी मराठी वाचकांस ग्रंथाचे गुण पारखण्याची दृष्टी दिली, यात शंका नाही. परंतु महात्मा जोतीराव फुले यांच्या लेखनाचा परामर्श घेताना त्यांनी फुल्यांच्या भाषेतील व व्याकरणातील दोषांचा उपहास करण्यात आपली शक्ती खर्च केली. शूद्रातिशूद्रांच्या ज्या दुःखाविषयी फुले पोटतिडिकीने लिहीत होते, त्याचा न्याय्य विचार त्या लेखनात झाला नाही. पुढे १८८३ साली फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. तो ग्रंथ आजही वाचला जातो, आणि शेतकऱ्याच्या घरातील वाचकास त्यात आपल्या आजोबा-पणजोबांची दशा दिसते.

दुसरे उदाहरण बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे. १८८२ साली त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्या काळच्या नाटका-कादंबऱ्यांत स्त्रियांचे चित्र कसे रंगविले जाते, हे त्यांनी वाचले होते. आणि ते चित्र खरे नाही, असे त्यांनी त्या पुस्तकात ठणकावून सांगितले. एका वाचक स्त्रीने ग्रंथकारांस दिलेला हा जबाब होता. पुस्तकावर चोहोकडून टीका झाली. तेव्हा फुल्यांनी १८८५ साली आपल्या 'सत्सार' या पत्रिकेतून ताराबाईंची बाजू घेतली. ही स्त्री काय सांगते आहे, इकडे त्यांचे लक्ष होते. एका परीक्षकाने ग्रंथाचा पोशाख पाहिला, दुसऱ्याने त्याचे हृदगत ऐकले. पोशाखही नीटनेटका असावा हे खरेच. पण केवळ त्यावरून माणसाची योग्यता ठरविणारा जसा फसतो, तसाच असा वाचकही फसतो.

यावरून मत कसे द्यावे याविषयी काही गोष्टी ठरविता येतील. पुस्तक शेवटपर्यंत वाचल्यावाचून त्याविषयी निर्णय देऊ नये. अर्ध्यावर सोडले असल्यास तसे सांगावे, व का सोडले तेही सांगावे. तेही एक प्रामाणिक मतच होय. लेखकास काय सांगावयाचे आहे, हे प्रथम आपल्या शब्दांत मांडावे, आणि मग ते आपणांस पटले की नाही हे बोलावे. 'छान' किंवा 'वाईट' या शब्दापुढे 'कारण' हा शब्द अवश्य यावा, व त्या कारणास पुस्तकातील एखाद्या प्रसंगाचा आधार असावा. भीड बाळगू नये. लेखक नामांकित आहे, अथवा गुरुजींस ते पुस्तक आवडते, म्हणून आपणांसही आवडलेच पाहिजे असे नाही. आणि दुसऱ्याचे मत वेगळे निघाल्यास त्याचा राग न मानता त्याचे कारण विचारावे. कारण सबळ वाटल्यास आपले मत बदलण्यात कमीपणा नाही. मतभेद झाला म्हणून मैत्री तुटत असेल, तर त्या दोघांनी पुस्तक वाचून काही मिळविले नाही, असेच म्हणावे लागेल.

आता दोन शब्द पालकांसाठी. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडून कारखान्यांच्या मुलखात जातात, व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा घरांतील वडील मंडळी पुष्कळदा म्हणतात, 'आम्ही अडाणी, आम्हांस पुस्तकातले काय कळते?' त्यांस नम्रपणे सांगावेसे वाटते की, ही समजूत सोडून द्यावी. मुलाने अगर मुलीने एखादी कष्टकऱ्यांची गोष्ट घरी वाचून दाखविली, तर तिच्यात खरे किती व काल्पनिक किती, हे पहाटेच्या थंडीत फडात कोयता चालविणाऱ्या आईइतके दुसरे कोण सांगू शकेल? ते ठरविण्याचा अधिकार तिला तिच्या श्रमाने मिळालेला आहे. मुलाने वाचावे व आईबापांनी बोलावे, असा पाव घटकेचा क्रम ठेवला, तरी दोघांचेही शिक्षण होईल.

याविषयी लक्ष्मीबाई टिळक यांचे चरित्र ध्यानी घेण्यासारखे आहे. त्या शाळेत शिकलेल्या नव्हत्या. अक्षरओळख त्यांस विवाहानंतर पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरी झाली. पण ज्या घरात कविता होत, वाचल्या जात व त्यांवर मोकळेपणाने बोलले जाई, अशा घरात त्यांचे आयुष्य गेले. १९१९ साली टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्णतेस नेले. शिवाय १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेली त्यांची 'स्मृतिचित्रे' मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणली जातात. पुस्तकांविषयीच्या घरगुती बोलण्याचे मोल यावरून कळून येईल.

शेवटी एक लहानशी सूचना. प्रत्येक वर्गाने ग्रंथालयात एक वही ठेवावी. पुस्तक परत करणाऱ्याने तिच्यात पुस्तकाचे नाव लिहून खाली आपल्या मताच्या चार ओळी व आपले नाव लिहावे. पुढील वाचकाने त्या ओळी वाचाव्या, आणि आपले मत निराळे असल्यास त्याखालीच कारणासह नोंदवावे. यास शाईखेरीज कसलाही खर्च नाही. वर्षअखेर ती वही उघडली, तर कपाटातील कोणते पुस्तक जिवंत आहे व कोणते नुसतेच धूळ खात पडले आहे, हे सहज दिसून येईल. आणि ऊसतोडीहून उशिरा परतलेल्या एखाद्या विद्यार्थ्यास आपल्या गैरहजेरीत मित्रांनी काय वाचले, व कशावरून वाद घातला, तेही समजेल. त्यास त्या वादात आपले मत घालता यावे, म्हणून शेवटची काही पाने कोरी ठेवण्यास मात्र विसरू नये.