बिबळ्याचे छायाचित्र

जुलै २०२४ मध्ये, औरंगपुऱ्याच्या गजबजलेल्या पेठेपासून फार दूर नसलेल्या उल्कानगरीत रात्री एक बिबळ्या हिंडून गेला. त्याचे चित्र टिपले ते भिंतीवरच्या कॅमेऱ्याने. त्यामागे मनुष्य नव्हता. आफ्रिकेतील साबी सँडच्या अरण्यात बिबळे मोटारींना इतके सरावले आहेत, की प्रवासी दिवसाढवळ्या त्यांची छायाचित्रे घेतात. आपल्याकडील बिबळ्या मात्र चाहूल लागताच दडतो. म्हणून गौताळ्यासारख्या अभयारण्यात स्वयंचलित यंत्रावरच भिस्त ठेवावी लागते. गणना करावयाची असल्यास वाटेच्या दोन्ही अंगांस कॅमेरे बांधतात. उष्ण देह समोरून सरकला की चित्र आपोआप निघते.

पण कॅमेरे दोन कशासाठी? बिबळ्याच्या ठिपक्यांची नक्षी अंगठ्याच्या ठशाप्रमाणे प्रत्येकाची निराळी, आणि दोन्ही कुशींवरही निराळी असते. एका चित्रात डावी कूस आणि दुसऱ्यात उजवी, तर जनावर एक की दोन, हे कसे ठरवावे? भिंतीवरच्या अंधुक चित्रात तर ठिपकेही धड दिसत नाहीत; मग अफवेत एकाचे चार व्हावयास कितीसा वेळ! डिसेंबर २०१९ मध्ये सिडकोत शिरलेल्या बिबळ्यास भूल देऊन पकडावे लागले, तेव्हा बघ्यांची गर्दी लोटली होती. चित्र घ्यावयाचेच तर बंद खिडकीआडून घ्यावे, आणि वेळ व ठिकाण वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. म्हणजे नेमक्या त्या वाटेवर कॅमेरे लावता येतात.