तीनशे वर्षांची पंगत

स्टॉकहोमच्या गामला स्तान या जुन्या पेठेत ओस्तरलाँगगातान नावाची दगडी फरसबंदीची गल्ली आहे. तिथल्या ५१ क्रमांकाच्या इमारतीत १७२२ साली एक खानावळ उघडली. तिचं नाव ‘डेन यिल्डेने फ्रेडेन’, म्हणजे सोनेरी शांतता. शहरातले लोक तिला नुसतं ‘फ्रेडेन’ म्हणतात. आजही तिथे जेवायला मिळतं.

हे नाव एका तहावरून आलं. १७०० साली पेटलेलं उत्तरेचं महायुद्ध १७२१मध्ये निस्तादच्या तहाने संपलं. त्यात स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स १७१८ला मारला गेला होता आणि तहात बाल्टिक किनाऱ्यावरचे मोठे प्रांत रशियाकडे गेले. साम्राज्य संपलं, पण वीस वर्षं लढून थकलेल्या लोकांची माणसं मरायची थांबली. त्या सुटकेच्या भावनेतून हे नाव आलं असावं, असं तिथे बसल्यावर वाटतं.

अरुंद जिना उतरून आपण तळघरात येतो. डोक्यावर विटांच्या कमानी, टेबलावर मेणबत्त्या, जाड भिंतींमुळे बाहेरचा आवाज नाही. अठराव्या शतकातला लाडका कवी-गायक कार्ल मिकाएल बेलमन याचं नाव या जागेशी जोडलं जातं. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र फ्रेडेनचे दिवस फिरले होते. तेव्हा चित्रकार अँडर्स झॉर्न यांनी १९१९मध्ये ही वास्तू विकत घेतली आणि पुढे ती स्वीडिश अकादमीला दिली. १९१३ साली रवींद्रनाथांना साहित्याचं नोबेल देणारी संस्था ती हीच. अकादमीची बैठक गुरुवारी होते आणि बैठकीनंतर सदस्य जेवायला इथेच येतात.

इथलं जेवण म्हणजे ‘हुस्मान्सकॉस्ट’, साधं घरगुती स्वीडिश अन्न. ते समजून घ्यायचं तर तिथला लांबलचक हिवाळा ध्यानात घ्यावा. वर्षाचे कितीतरी महिने शेतात काही उगवत नाही, म्हणून उन्हाळ्यात मिळेल ते खारवायचं, वाळवायचं, आंबवायचं, धुरी देऊन ठेवायचं. सुरुवातीला येणारा ‘सिल’, म्हणजे हेरिंग मासा, आधी खारवलेला असतो. मग त्यातलं मीठ पाण्यात भिजवून काढतात आणि एक भाग व्हिनेगर, दोन भाग साखर, तीन भाग पाणी अशा पाकात कांदा, गाजर, मिरे घालून तो मुरवतात. आंबटगोड माशासोबत उकडलेला बटाटा आणि राय या धान्याची कुरकुरीत पोळी असते. पूर्वी या पोळीला मधोमध भोक ठेवत आणि काठीत ओवून ती छताखाली टांगून ठेवत, म्हणजे महिनोन्महिने टिकायची.

‘शॉटबुल्लार’, म्हणजे खिम्याचे गोळे, सायीच्या तपकिरी रश्शात येतात, सोबत कुस्करलेला बटाटा. ताटात आंबट-तुरट लिंगन फळांचा रस्सेदार मुरंबा आणि ‘प्रेसगुर्का’ असतेच. काकडीच्या पातळ चकत्या मीठ लावून दाबतात, पाणी काढून व्हिनेगर-साखरेत घालतात. आपल्या कोशिंबिरीचीच ही थंड प्रदेशातली बहीण. जड, स्निग्ध घासानंतर तो आंबटपणा जीभ पुन्हा ताजी करतो. खिमा बहुधा गोमांस आणि डुकराचं मांस मिसळून केलेला असतो, त्यामुळे वर्ज्य असेल त्यांनी आधीच विचारावं. शाकाहारी पाहुण्यांनी टेबल राखतानाच तसं सांगून ठेवावं.

गुरुवारी स्वीडनभर पिवळ्या वाटाण्याचं घट्ट सूप आणि त्यानंतर पॅनकेक खाण्याची चाल आहे. शुक्रवारच्या कॅथलिक उपवासाआधी पोटभर जेवावं, त्यातून ती आली असं मानतात. सोळाव्या शतकात देश प्रॉटेस्टंट झाला, उपवास गेला, सूप मात्र राहिलं.

जुन्या वास्तू जतन करायच्या म्हणजे कुलूप लावून फलक टांगायचा, असं आपल्याला बरेचदा वाटतं. फ्रेडेनची गोष्ट वेगळं शिकवते. झॉर्न यांनी पैसा घातला, अकादमीने दर गुरुवारी हजेरी लावली, गिऱ्हाइकांनी जेवणाचं बिल भरलं, आणि या सगळ्यामुळे भिंती उभ्या राहिल्या. आपल्याकडच्या जुन्या खानावळी आणि उपाहारगृहंही टिकावीत असं ज्यांना वाटतं, त्यांनी तिथे नेमाने जाऊन जेवावं.