शोधनिबंध परत का येतो?

आमच्या वस्त्यांतली मुले-मुली आता पीएच.डी. करू लागली आहेत. २००५ साली राजीव गांधी राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली, पुढे पुण्याच्या ‘बार्टी’ची फेलोशिप आली, आणि ज्यांच्या आज्याला शाळेच्या दाराबाहेर बसावे लागले ती नातवंडे विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसू लागली. पण प्रबंधातला एखादा निबंध चांगल्या संशोधनपत्रिकेत छापून आणायची वेळ येते तेव्हा गाडी अडते. निबंध आठ-दहा दिवसांत परत येतो. परीक्षकाकडे जातच नाही. मग आम्ही म्हणतो, संपादक मनुवादी होता. असेलही! विद्यापीठातली जात आम्हाला कोणी शिकवायला नको. पण पुष्कळदा परत पाठवण्याचे कारण अगदी साधे असते. शब्दमर्यादा ओलांडलेली, संदर्भ तीन तऱ्हेने दिलेले, सारांशाचा पत्ता नाही. असे आयते निमित्त आम्ही त्यांच्या हाती का द्यावे?

बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय अवघे पंचवीस. मे १९१७ मध्ये तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. त्यात त्यांनी आधी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि केतकर यांच्या जातीच्या व्याख्या एकेक करून मांडल्या, प्रत्येकीत काय कमी आहे ते दाखवले आणि मगच स्वतःचे म्हणणे पुढे केले. आज प्राध्यापक ज्याला पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणतात तो हाच. आमचे बरेच विद्यार्थी या भागात नुसती पुस्तकांची यादी देतात. कोण काय म्हणाला आणि त्याचे कुठे चुकले, हे लिहायला धजत नाहीत. बाबासाहेब धजले होते.

आता कामाचे बोलू. पत्रिका आधी निवडावी, मसुदा नंतर बेतावा. प्रत्येक पत्रिका लेखकांसाठी सूचना देते. त्या छापून भिंतीवर लावाव्यात. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ची मर्यादा टिपा आणि संदर्भ धरून आठ हजार शब्दांची आहे. तीनशे पानांच्या प्रबंधातले एक प्रकरण उचलून तसेच पाठवले तर ते परत येणारच. निबंधात एकच प्रश्न असावा, आणि दीडशे-दोनशे शब्दांच्या सारांशात तो प्रश्न, पद्धत आणि निष्कर्ष तिन्ही दिसावेत. कोष्टके टाइप केलेली असावीत, मोबाइलने काढलेले फोटो नकोत. मराठी उतारे युनिकोडमध्येच टाइप करावेत. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या संगणकावर उघडला की त्याचा चिवडा होतो आणि संपादकाला वाटते, लेखकच गबाळा आहे.

सर्वांत मोठे दुखणे संदर्भांचे. ‘बाबासाहेबांनी म्हटले आहे’ एवढे सभेत चालते, निबंधात चालत नाही. आमच्या पोस्टरांवर आणि मोबाइलवर फिरणारी कितीतरी वाक्ये बाबासाहेबांच्या ग्रंथांत शोधूनही सापडत नाहीत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून ‘लेखन आणि भाषणे’चे खंड काढले. वसंत मून यांनी त्यासाठी हाडाची काडे केली. ते खंड समोर असताना खंड आणि पान न देणे हा निव्वळ आळस आहे. जातींवरचा १९१६ चा निबंध आणि ‘जातिनिर्मूलन’ पहिल्या खंडात आहेत, रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ सहाव्यात. आणखी एक गंमत. कोणी २०१४ चे पुनर्मुद्रण वापरतो आणि कंसात नुसते ‘आंबेडकर २०१४’ लिहितो. वाचणाऱ्याने काय समजावे? मूळ लेखनाचे साल आणि हातातल्या प्रतीचे साल, दोन्ही द्यावीत. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ यांतले काही घेतले तर अंकाची तारीख आणि पान हवेच. एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या ट्रंकेतले पत्रक वापरले असेल तर ते कोणाकडे, कुठे पाहिले ते लिहावे. आमच्या इतिहासाचा मोठा भाग अशा ट्रंकांतच आहे. अत्याचारग्रस्त कुटुंबांच्या मुलाखती असतील तर मात्र नावे आणि गावे बदलावीत, त्यांची संमती घेतल्याचेही नमूद करावे.

अलीकडे संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून संदर्भसूची करून घेण्याची टूम निघाली आहे. ती नसलेली पुस्तके आणि नसलेले लेखक बिनदिक्कत रचून देते. जो संदर्भ स्वतः उघडून पाहिला नाही तो निबंधात घालू नये. उचलेगिरीबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते. साठ टक्क्यांच्या वर गेले की पीएच.डी.ची नोंदणीच रद्द होऊ शकते. अवतरणचिन्हांत, संदर्भासह दिलेला मजकूर त्यात धरत नाहीत, म्हणून बाबासाहेबांचे उतारे द्यायला घाबरू नये.

पैसे घेऊन तीन दिवसांत निबंध छापून देणाऱ्यांपासून तर चार हात लांब राहावे. मे २०१८ मध्ये आयोगाने आपल्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. त्यानंतर आलेली ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद झाली. पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्ती २०२२ च्या नियमांत उरली नाही, तरी प्राध्यापकपदाच्या निवडीत निबंध मोजले जातातच. ही दुकाने त्याच भीतीवर चालतात. फेलोशिप महिनोन्‌महिने थकते, आणि आली की तिच्यातले काही हजार अशा दुकानदाराच्या खिशात जातात, याची आम्हाला चीड येते.

एक नियम मात्र आमच्या फायद्याचा आहे. बऱ्याच पत्रिकांत परीक्षकाला लेखकाचे नाव कळू देत नाहीत. जिथे तिथे आधी आडनाव विचारणाऱ्या या देशात निबंधावरून आडनाव खोडायला सांगणारी ही एक जागा आहे! तिचा पुरता उपयोग करावा. नाव, विद्यापीठ, मार्गदर्शकांचे आभार हे सारे वेगळ्या पानावर द्यावे. संगणकाच्या फाइलच्या गुणधर्मांतही लेखकाचे नाव राहते, तेही पुसावे. ‘माझ्या आधीच्या निबंधात मी दाखवले’ असे लिहिले की ओळख उघडी पडते, तिथे तृतीय पुरुषी वाक्य करावे.

परीक्षकांचे शेरे आले की रागाच्या भरात उत्तर देऊ नये. दोन दिवस जाऊ द्यावेत. मग प्रत्येक शेऱ्याखाली काय बदल केला आणि तो कोणत्या पानावर आहे ते लिहावे. जिथे परीक्षकच चुकला असेल तिथे पुरावा देऊन तसे ठणकावून, पण सभ्यपणे सांगावे. सुधारून पाठवायची मुदत पत्राच्या शेवटच्या ओळींत दिलेली असते. ती आधी वाचावी.