वाटेनुसार वाहतुकीचे वाटप

कुरुंदवाडहून कोल्हापूरला इचलकरंजीवरून जाता येते, किंवा नृसिंहवाडी, शिरोळ, जयसिंगपूर असा फेराही घेता येतो. अशा पर्यायांपैकी कोणत्या वाटेने किती जण जातील याचा हिशेब मांडण्यास वाहतूक-नियोजनात वाटप म्हणतात. जॉन वॉर्ड्रॉप यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार गर्दीने वेळ वाढला की वाहनचालक वाट बदलतात, आणि वापरातल्या सर्व वाटांना सारखाच वेळ लागेपर्यंत हा क्रम चालतो. रस्त्याच्या तुकड्यागणिक केवळ वाहने मोजली, तर नृसिंहवाडीच्या पुलावरचा आकडा मिळतो, पण त्यातले जयसिंगपूरचे किती आणि दत्तदर्शनापुरते किती हे कळत नाही. वाटाधारित पद्धत मात्र निघण्याच्या ठिकाणापासून मुक्कामापर्यंतची प्रत्येक वाट नोंदवून ठेवते, त्यामुळे पूल बंद झाल्यास नेमके कोण अडेल हे सांगता येते, आणि २०१९ च्या महापुराने वेढलेल्या शिरोळ तालुक्यासाठी हीच गोष्ट सर्वांत मोलाची आहे. एसटीच्या प्रवाशाच्या वाटेत स्थानकापर्यंतचे चालणे, गाडीची प्रतीक्षा आणि इचलकरंजीत गाडी बदलणे हेही येते. जेथे गाड्या विरळ असतात तेथे वेळापत्रकातील प्रत्यक्ष गाड्या एकमेकींना जोडूनच वाटप करावे लागते, कारण सरासरी प्रतीक्षेच्या आकड्यात पाच मिनिटांनी चुकलेली पुढची गाडी दिसत नाही.