दोष बॅटरीत, गाडी डीलरच्या दारात

विजेच्या मोटारीची बॅटरी शेकडो सेल जोडून बनते. शेवरोले बोल्ट या अमेरिकी मोटारीत असे २८८ सेल होते. तीन-तीन सेलांचा एक गट, आणि असे ९६ गट एकापुढे एक जोडले की सुमारे ३५० व्होल्टची वीज मिळते. हा सगळा पसारा गाडीच्या तळाखाली एका बंद पेटीत बसवलेला असतो. पेटीचे वजन सुमारे ४३० किलो, म्हणजे जवळजवळ एखाद्या म्हशीइतके. गाडीच्या किमतीतला मोठा वाटाही याच पेटीचा. म्हणून बॅटरीत दोष निघाला की मालक, डीलर आणि कंपनी अशा तिघांनाही त्याची झळ बसते.

वर्कशॉपमध्ये रोज येणारे बॅटरीचे बिघाड तसे सरळ असतात. गाडी पूर्ण चार्ज होत नाही, पल्ला एकाएकी घटतो किंवा डॅशबोर्डवर दिवा पेटतो. मेकॅनिक निदानाचे यंत्र गाडीला जोडतो, साठवलेला बिघाडाचा कोड वाचतो आणि प्रत्येक गटाचे व्होल्टेज ताडून पाहतो. ९५ गट एका पातळीवर आणि एकच गट खाली असेल, तर दोष कुठे आहे ते समोर दिसते. तेवढा भाग किंवा सगळी पेटी वॉरंटीत बदलून मिळते. अमेरिकेत बोल्टच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा एक लाख मैल, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तोवर वॉरंटी होती.

रिकॉलचे प्रकरण वेगळे. इथे मालकाची काही तक्रार नसते. गाडी सुरळीत चालते, दिवा पेटत नाही, यंत्र कोणताही कोड दाखवत नाही, आणि तरीही कंपनी सांगते की गाडी घेऊन या. बोल्टच्या रिकॉलमध्ये डीलरांची जी दमछाक झाली, तिचे मूळ या न दिसणाऱ्या दोषात होते.

बोल्टमधला सेल म्हणजे एक चपटे, लांबट, सीलबंद पाकीट. आत धन आणि ऋण अग्रांचे पातळ पत्रे थराथरांनी रचलेले असतात. दोन पत्र्यांच्या मध्ये प्लास्टिकचा तलम पडदा असतो. आयन त्यातून आरपार जातात, पण पत्र्यांना तो एकमेकांना टेकू देत नाही. पत्र्यांतली वीज बाहेर आणायला कडेला धातूची पट्टी असते. बोल्टच्या काही सेलांत ऋण अग्राची पट्टी फाटलेली होती आणि काहींत पडद्याला घडी पडलेली होती. हे दोन्ही दोष एकाच सेलात आले की आतल्या आत शॉर्टसर्किट होण्याचा धोका निर्माण होतो. एक सेल तापला की त्यातल्या रासायनिक क्रिया आणखी उष्णता सोडतात. ती शेजारच्या सेलाला पोचते, आणि मग पाणी ओतूनही आग लवकर आवरत नाही. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. पाकीट सीलबंद असल्यामुळे घडी पडलेला पडदा वर्कशॉपमध्ये पाहता येत नाही, आणि शॉर्ट होईपर्यंत असा सेल इतरांसारखाच व्होल्टेज दाखवू शकतो.

बोल्ट भारतात कधी विकली गेली नाही. तळेगावच्या कारखान्यामुळे पुण्याकडच्या वाचकांना शेवरोले हे नाव ओळखीचे आहे. पण बोल्ट २०१६ च्या अखेरीस अमेरिकेत बाजारात आली आणि २०१७ संपता संपता शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने भारतातली विक्रीच थांबवली. अमेरिकेत २०२० पर्यंत काही बोल्ट उभ्या-उभ्या पेटल्या. ऑक्टोबरमध्ये तिथल्या महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने चौकशी सुरू केली आणि नोव्हेंबरमध्ये कंपनीने २०१७ ते २०१९ च्या ६८ हजारांवर गाड्या परत बोलावल्या. त्यांचे सेल एलजी कंपनीच्या दक्षिण कोरियातील ओचांग इथल्या कारखान्यात बनलेले होते.

त्या वेळी डीलरकडे नवी बॅटरी नव्हती. कोणत्या गाडीत दोष आहे, हे सांगणारी चाचणीही नव्हती. असे असताना जो उपाय केला जातो, त्याला अंतरिम उपाय म्हणतात. चार्जिंग ९० टक्क्यांवर थांबेल असे सॉफ्टवेअर डीलरांनी गाडीत घालायचे, असे ठरले. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ऊर्जा जास्त आणि सेलांवर ताणही जास्त, म्हणून वरचे दहा टक्के सोडून द्यायचे. डीलरकडे नंबर लागेपर्यंत मालकांनी हे स्वतःच करावे, असाही सल्ला होता. २०१७ आणि २०१८ च्या गाड्यांत त्यासाठी ‘हिलटॉप रिझर्व्ह’ नावाची एक सोय आधीपासून होती. डोंगरावर राहणाऱ्याने सकाळी उतारावर ब्रेक लावला की तयार होणारी वीज बॅटरीत मावली पाहिजे, म्हणून ती बॅटरी काठोकाठ भरू देत नसे. घाटातल्या उतारासाठी केलेली ही सोय आता आगीपासून बचाव म्हणून वापरात आली.

एप्रिल २०२१ मध्ये कंपनीने अंतिम उपाय जाहीर केला. डीलरने बॅटरी तपासायची, शंका आली तर भाग बदलायचा, आणि पुढे सेलांवर लक्ष ठेवणारे सॉफ्टवेअर गाडीत घालून ९० टक्क्यांची मर्यादा काढून टाकायची. हा निर्णय चुकला. धोक्याची सूचनाही आधीच मिळालेली होती. ह्युंदाईच्या कोना या विजेच्या मोटारीतही एलजीचेच सेल होते. जानेवारी २०२१ मध्ये दक्षिण कोरियातल्या देगू शहरात सॉफ्टवेअर सुधारून घेतलेली एक कोना पेटली आणि पुढच्याच महिन्यात ह्युंदाईने जगभरातल्या सुमारे ८२ हजार गाड्यांच्या बॅटऱ्या बदलायचे ठरवले. या अनुभवानंतरही जनरल मोटर्सने सॉफ्टवेअरवर विश्वास टाकला. १ जुलै २०२१ रोजी व्हरमाँट राज्यातल्या एका आमदाराच्या घरासमोर चार्जिंगला लावलेली बोल्ट पेटली. तिचे रिकॉलचे काम झालेले होते.

डीलरच्या दृष्टीने ही सगळ्यात कठीण वेळ. ‘काम झाले, आता काळजी नाही’ असे सांगून ज्या मालकांच्या हातात किल्ली दिली, त्यांनाच पुन्हा फोन करून सांगायचे की गाडी घरापासून दूर, उघड्यावर उभी करा आणि रात्रभर चार्जिंगला लावून ठेवू नका. २३ जुलैला दुसरा रिकॉल निघाला. ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या हॉलंड, मिशिगन इथे बनलेल्या सेलांतही तोच दोष सापडला आणि तोवर बनलेली प्रत्येक बोल्ट, मिळून सुमारे १ लाख ४२ हजार गाड्या, रिकॉलखाली आली. अमेरिकेच्या कायद्यानुसार रिकॉलचे काम बाकी असलेली नवी गाडी डीलरला ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही. त्यामुळे आवारात आलेल्या कोऱ्या गाड्या जागच्या जागी अडकल्या. जुन्या गाड्यांना मात्र तिथला केंद्रीय कायदा हे बंधन घालत नाही. ही उणीव गंभीर आहे, कारण दुसऱ्या मालकाला आपल्या गाडीचा रिकॉल ठाऊकच नसण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

मालकांना मिळालेल्या सूचनांची यादी वाढत गेली. चार्जिंग ९० टक्क्यांच्या वर नेऊ नये, उरलेला पल्ला सुमारे ११० किलोमीटरच्या खाली जाऊ देऊ नये, चार्जिंग झाल्याबरोबर गाडी बाहेर काढावी, आणि सप्टेंबरपासून, दुसऱ्या गाडीपासून ५० फूट दूर उभी करावी. शहरात इमारतीत राहणाऱ्या माणसाने ५० फूट मोकळी जागा आणायची कुठून? सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एका पार्किंगने तर बोल्टला आत घेणेच बंद केले. अशा वेळी लोकांचा राग कंपनीच्या मुख्यालयापर्यंत पोचत नाही, तो सर्व्हिस काउंटरवरच्या माणसावर निघतो. नवी बॅटरी केव्हा, याचे उत्तर त्याच्यापाशी नसते. कोणत्या चॅसी नंबरला बॅटरी द्यायची हे कंपनी ठरवत होती, आणि ज्या काळातल्या उत्पादनात दोष अधिक आढळले होते त्या गाड्यांना आधी घेत होती.

नव्या बॅटऱ्या ऑक्टोबर २०२१ पासून येऊ लागल्या. हे काम शेवरोलेच्या प्रत्येक डीलरकडे होत नव्हते. विजेच्या गाड्यांचे प्रशिक्षण घेतलेले मेकॅनिक आणि जड पेटी तोलणारे उचलटेबल जिथे होते, तिथेच होत होते. आधी गाडी बंद करून १२ व्होल्टची साधी बॅटरी सोडवायची. मग मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडणारा हाताने काढायचा खटका बाहेर काढायचा आणि दुसरा कोणी तो परत बसवणार नाही अशा ठिकाणी ठेवायचा. यानंतर काही मिनिटे नुसते थांबायचे, कारण खटका काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज उरलेली असते. मेकॅनिकच्या हातात १००० व्होल्टपर्यंत चालणारे रबरी मोजे आणि त्यांवर चामड्याचे मोजे असतात. घालण्यापूर्वी रबरी मोज्यात हवा भरून तो दाबून पाहतात. सुईएवढे छिद्र असले तरी हवा सुटते आणि तो मोजा बाद होतो. मग मीटर लावून व्होल्टेज शून्य असल्याची खात्री करायची आणि त्यानंतरच नारिंगी वायरींना हात लावायचा. विजेच्या मोटारीत जास्त दाबाची वायर नारिंगी रंगाची असते, ती याचसाठी. पुढे थंड ठेवणारे द्रव काढायचे, गाडी लिफ्टवर चढवायची, पेटीखाली उचलटेबल आणायचे, पेटीचे नट-बोल्ट सोडवायचे आणि पेटी हळूहळू खाली घ्यायची. खटका काढल्याने पेटीच्या बाहेरची वीज तुटते. पेटीच्या आतले सेल भरलेलेच असतात, हे सारा वेळ ध्यानात ठेवावे लागते.

उतरवलेली पेटी भंगारात टाकता येत नाही. सदोष लिथियम बॅटरी हा धोकादायक माल मानला जातो. विमानाने ती पाठवायला मनाई आहे आणि रस्त्याने न्यायची तर ठरावीक खोका, खुणा आणि कागदपत्रे लागतात. ट्रक येईपर्यंत ती कुठे ठेवायची, हा डीलरपुढचा खरोखरीचा प्रश्न असतो.

ज्यांचा नंबर लागला, त्यांचा एका अर्थी फायदाच झाला. २०१७ ते २०१९ च्या गाड्यांना नव्या, जास्त क्षमतेच्या पेट्या मिळाल्या, पल्ला सुमारे ३८० वरून ४१५ किलोमीटरपर्यंत गेला आणि बॅटरीची वॉरंटी नव्याने सुरू झाली. २०२० ते २०२२ च्या बऱ्याच गाड्यांना मात्र सरसकट नवी पेटी मिळाली नाही. जून २०२३ मध्ये त्यांच्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर आले. सुमारे १० हजार किलोमीटर चार्जिंग ८० टक्क्यांवरच थांबणार, तोवर सेलांच्या नोंदी तपासल्या जाणार, आणि खोट दिसली नाही तर १०० टक्के चार्जिंग पुन्हा खुले होणार. घेताना ठरलेल्या पल्ल्याच्या पाचव्या हिश्श्याला महिनोन्‌महिने मुकावे लागणे मालकांना पटले नाही, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. पुढे २०२४ मध्ये जनरल मोटर्स आणि एलजी यांनी मालकांच्या सामूहिक दाव्यात १५ कोटी डॉलरची तडजोड केली. रिकॉलच्या खर्चातला १९० कोटी डॉलरपर्यंतचा वाटा उचलायला एलजी २०२१ मध्येच तयार झाली होती.

भारतातही हा विषय नवा राहिलेला नाही. डिसेंबर २०२० मध्ये ह्युंदाईने इथल्या ४५६ कोना गाड्या बॅटरीच्या तपासणीसाठी परत बोलावल्या. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली आणि त्याची चित्रफीत देशभर फिरली. पाठोपाठ एप्रिलमध्ये ओलाने १,४४१ आणि ओकिनावाने ३,२१५ स्कूटर तपासणीसाठी मागवल्या. त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून बॅटरीच्या सुरक्षेचे कडक निकष टप्प्याटप्प्याने लागू झाले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम ११०-अ आणि त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आहेत. सात वर्षांपर्यंतच्या गाडीत सुरक्षेचा दोष आढळल्यास सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकते आणि कंपनीला १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याआधी, २०१२ पासून, कंपन्यांच्या संघटनेची ऐच्छिक संहिता तेवढी होती.

ग्राहकाच्या बाजूने पाहता डीलरकडून तीन गोष्टी लेखी मिळायला हव्यात: आपल्या चॅसी नंबरवर कोणता रिकॉल बाकी आहे, झालेले काम अंतरिम आहे की अंतिम, आणि बदललेल्या पेटीचा क्रमांक व वॉरंटीची नवी तारीख. जुनी गाडी घेणाऱ्याने या नोंदी असलेले वर्कशॉपचे जॉब कार्ड विकणाऱ्याकडून मागून घ्यावे. ‘रिकॉल झालाय’ एवढे तोंडी ऐकून भागत नाही, कारण व्हरमाँटमधल्या त्या बोल्टचाही रिकॉल झालेला होता.